जुव्याच्या भेंडीचे मानांकन शेतकऱ्याच्या हाती कधी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

श्रावण-भाद्रपदात तिसवाडीतील बेटांकडे लोकांची रीघ लागते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचा बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव आणि चतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याचा सांगोड, म्हणजे होड्या एकमेकींना बांधून त्यांवर उभारलेले पौराणिक देखावे, पाहायला गोवाभरातून माणसे जमतात. सांतइस्तेव म्हणजेच जुवे बेटावरील सात शिरांची भेंडी याच पावसाळी दिवसांत तोडणीला येते. हाताएवढी लांब, फिकट हिरवी ही भेंडी सुंगटे (कोळंबी) व सोले (आमसुले) घालून केली, तर तिच्यापुढे बाजारातली एरवीची भेंडी कोणी ताटात घेणार नाही. (माझ्या या मताशी शाकाहारी वाचक सहमत नसतील.)

या भेंडीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाल्याचा आनंद आपण साऱ्यांनी व्यक्त केला. परंतु पुढचे काम मागे पडल्यासारखे दिसते. 1999 च्या कायद्याप्रमाणे मानांकनाची नोंदणी उत्पादकांच्या वतीने एखादी संस्था करते आणि ती 10 वर्षांसाठी असते. प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला ते नाव अधिकृतपणे वापरायचे असेल, तर त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात येणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले आहे काय? तिच्याच शेजारी घाटावरून आलेली भेंडी ‘जुव्याची’ म्हणून खुशाल विकली जाते आणि गिऱ्हाईक भावात घासाघीस करते ते मात्र तिच्याशी.

माटोळीला (गणपतीच्या वर फळापानांनी सजवतात त्या चौकटीला) लागणारी कांगलां, आंबाडे आणि सुपारीचे घड, पातोळ्यांसाठी हळदीची पाने, अबोलीच्या फाती (गुंफलेल्या माळा), बोंदेरामात मुले फळे उडवतात त्या बांबूच्या नळ्या, यांची गरजही याच आठवड्यांत असते आणि हे सारे गावातली माणसेच गोळा करतात, ओवतात, घडवतात. उत्सवांवर सरकारी पैसा खर्च होतो, तो मंडप, ध्वनियंत्रणा आणि रोषणाईपुरता न राहता त्यातून बेटांवरच्या विक्रेत्यांना मोक्याची जागा विनामूल्य मिळावी, अशी अट अनुदानात घालणे काही अवघड नाही. आज त्या जागा बहुधा शीतपेये आणि प्लास्टिकची खेळणी विकणारे अडवून बसतात.

कृषी खात्याने जुवे पंचायतीतच नोंदणीचे शिबिर भरवावे, अर्ज तिथेच मराठी-कोंकणीत भरून घ्यावेत आणि घरोघरी राखून ठेवलेल्या बियाण्याचीही त्याच वेळी नोंद करावी, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे. हे काम मे महिन्यापूर्वी झाले तरच उपयोगाचे ठरेल, कारण एकदा पेरणीला हात लागला की शेतकरी शेत सोडून येणार नाही.

आपला,
एक वाचक, माशेल