स्लाइड हाताने बघणाऱ्या ताईंना

ताई,

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टखाली ‘अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट्स (वेगळ्या रूपाच्या पांढऱ्या पेशी) दिसतात’ अशी ओळ तुम्ही लॅबमधून लिहिता, तिचे हे आभार.

१५ ते २० वर्षांचं पोर, आठवडाभर ताप, गिळता येत नाही, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या मागच्या बाजूला गाठी. एवढं पाहून हात अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिककडे जातोच. पण हा एपस्टीन-बार विषाणूचा ग्रंथिज्वर असेल, तर गोळीचा उपयोग काही नाही, उलट अंगभर लाल पुरळ उठू शकतं. मग फाइलवर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसतो, आणि बहुतेकदा तो खोटा असतो.

मशीन या पेशी धड ओळखत नाही. फार तर ‘काही वेगळं आहे’ असा फ्लॅग देतं. तुम्ही मात्र जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त ताजं असतानाच काचेवर ओढता (नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात तासन्‌तास पडलं की साध्या पेशीही भलत्याच दिसू लागतात), लीशमन रंगाने रंगवता आणि १०० पांढऱ्या पेशी मोजता. त्यातली ही पेशी चांगली थोराड. तिचा फिकट निळा पसारा शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगतो, आणि जिथे टेकतो तिथे कड गडद होते. अशा १० हून जास्त भरल्या की संशय बळावतो. डेंग्यूतही त्या दिसतात, म्हणून पावसाळ्यात तुम्ही प्लेटलेटही काचेवर ताडून पाहता.

मोनोस्पॉट ही ग्रंथिज्वराची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात चारांतल्या एकाला फसवी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा तुमची ओळच हाताशी असते. तिच्यामुळे पॅरासिटॅमॉल, पाणी आणि विश्रांती यांवर भागतं, अ‍ॅस्पिरिन टळते. मुख्य म्हणजे सुजलेली पानथरी (प्लीहा) फुटण्याचा धोका लक्षात घेऊन किमान ३ आठवडे कबड्डी, कुस्ती, जिम बंद ठेवता येते. पोट दुखतं म्हणून तेल लावून चोळणंही नको, हे आईला बजावावंच लागतं. लागण लाळेतून, तीही ४ ते ६ आठवड्यांपूर्वीची; तेव्हा कुणाची उष्टी बाटली, हे शोधण्यात अर्थ नाही.

या रोगाचं कारणही लॅबमध्येच सापडलं, बरं का. १९६७ साली फिलाडेल्फियात हेन्ले या विषाणुशास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला हाच ताप आला. आधी तिच्या रक्तात एपस्टीन-बार विषाणूची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) नव्हती, आजारात ती दिसली.

एक विनंती: टक्केवारीशेजारी रक्त किती वाजता काढलं, तेही लिहीत जा.

आपले,
ओपीडीतले डॉक्टर