रोहित पाहण्यासाठी शिफारस कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेरुळ-सीवूड्स येथील डीपीएस तलावाकाठी सुटीच्या सकाळी होणाऱ्या गर्दीविषयी एका अनुभवी पक्षिनिरीक्षकांचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच प्रसिद्ध झाले. तिथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमधला, म्हणजे फ्लेमिंगोंमधला, लहान रोहित आणि मोठा रोहित हा फरकही ज्यांना ठाऊक नाही अशी माणसे केवळ मोबाइलवर छायाचित्रे काढायला येतात आणि जाणकारांच्या निरीक्षणात व्यत्यय आणतात, असा त्या पत्राचा रोख होता. जुन्या पक्षिमित्रांच्या शिफारशीवाचून कोणाला काठावर येऊ देऊ नये, अशी सूचनाही त्यात होती. गोंगाट, ड्रोन, चिखलात उतरणारी मुले आणि मागे राहणारी वेफर्सची पाकिटे यांबद्दलची त्यांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. शिफारशीची सूचना मात्र मान्य नाही. आणि ज्या वृत्तीतून ती आली ती ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षिनिरीक्षकांच्या वर्तुळात चांगलीच मुरलेली असल्यामुळे तिच्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

आधी त्या फरकाविषयी. मोठा रोहित उंच आणि फिकट, जवळजवळ पांढरा असतो. त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. लहान रोहित ठेंगणा, अधिक गुलाबी, आणि त्याची चोच इतकी गडद तांबडी असते की लांबून ती काळीच वाटते. थव्यातले राखाडी-तपकिरी पक्षी ही वेगळी जात नसून वयात न आलेले रोहितच असतात. हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. तलावाकाठी महागडी लेन्स घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एखाद्या आजोबांनी किंवा शाळकरी मुलीने नेमके हेच विचारले, तर बहुतेक वेळा उत्तराऐवजी एक सुस्कारा ऐकू येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्ञान नसल्याबद्दल ज्यांना दोष द्यायचा, त्यांना ते अर्ध्या मिनिटाचे ज्ञान द्यायचे नाही, हा न्याय मला समजत नाही.

पक्षिनिरीक्षण हा खरे तर अत्यंत स्वस्त छंद आहे; डोळे, कान आणि थोडा धीर एवढ्यावर त्याची सुरुवात होते. तरीही नवा माणूस गटात आला की त्याची परीक्षा सुरू होते. कॅमेरा कोणता, लेन्स किती मिलिमीटरची, यादीत आजवर किती जाती झाल्या, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिगवणला गेलात का, आणि मर्लिनसारखे अॅप वापरून आवाज ओळखत असाल तर ते ओळखणे खरे कसे मानायचे, असे प्रश्न त्याला विचारले जातात. त्याने उत्साहाने टाकलेल्या छायाचित्रावर ‘रेकॉर्ड शॉट’, म्हणजे केवळ नोंदीपुरते छायाचित्र, एवढाच शेरा पडतो. किनाऱ्यावरचे चिखले आणि तुतवार भल्याभल्यांना चकवतात, हिवाळी पिसाऱ्यातल्या कुरवांबद्दल तर जाणकारांमध्येही दिवसचे दिवस वाद चालतात. पण नवख्याने त्यांपैकी एखादे नाव चुकवले की ती त्याच्या अपात्रतेची खूण ठरते.

नोंदींची अचूकता जपायची तर थोडी कठोरता हवीच, असे यावर सांगितले जाते. अचूकता हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु तिच्यासाठी अपमानाची गरज नसते, याचा पुरावा याच छंदात उपलब्ध आहे. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर कोणीही नोंद करू शकतो. एखाद्या ठिकाणी अनपेक्षित जात किंवा अवाजवी संख्या नोंदली गेली की ती आपोआप वेगळी काढली जाते आणि त्या भागातला स्वयंसेवी परीक्षक नोंदकर्त्याकडे वर्णन, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण मागतो. तिथे पुरावा मागितला जातो तो नोंदीचा. नोंद करणाऱ्याची लेन्स किती मिलिमीटरची आहे, हे कोणी विचारत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३चा अहवाल याच ईबर्डवरील सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. यातले बहुसंख्य लोक व्यवसायाने पक्षितज्ज्ञ नाहीत. त्यांनाही कोणाची शिफारस लागली असती, तर इतक्या नोंदी कुठून आल्या असत्या?

एक गोष्ट मात्र मी जुन्या मंडळींच्या बाजूने सांगेन. घरट्यांची आणि घुबडांच्या मुक्कामाची ठिकाणे गुप्त ठेवण्याचा त्यांचा आग्रह योग्य आहे. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एका झाडावर घुबड बसल्याची बातमी फुटली की आठवडाभरात त्या झाडाखाली कॅमेऱ्यांच्या तिपाया लागतात, हे आपण सर्व जाणतो. ईबर्डही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे झाकते, आणि कित्येक छायाचित्र स्पर्धा घरट्यांवरची छायाचित्रे स्वीकारत नाहीत. अडचण अशी आहे की पक्ष्याच्या सुरक्षिततेसाठी असलेली ही गुप्तता हळूहळू सर्वच गोष्टींना लागू होते आणि माणसाच्या प्रतिष्ठेचे साधन बनते. सीवूड्सच्या इमारतींच्या गच्चीवरून दिसणाऱ्या रोहितांच्या थव्याविषयी गुप्त ठेवण्यासारखे आहे तरी काय? शिवाय ही गुप्तता गटाबाहेरच्यांपुरतीच असते. गटातल्या मानाच्या सदस्यांना तेच घुबड, तेच झाड, गाडी कुठे लावायची यासह कळते.

आणि गटातल्या या मानाच्या सदस्यांच्या वागण्याविषयी कोणी विचारले की वर्तुळ सर्वाधिक चिडते. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला उघड्यावर आणणे, पिसारा नीट दिसावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या छाटणे, उडत्या थव्याच्या छायाचित्रासाठी टाळ्या वाजवून पक्षी उठवणे, हे प्रकार नवखे करत नाहीत. त्यांना ते सुचतही नाहीत. माझ्या माहितीतल्या एका गटात एका नव्या सदस्येने घरट्याच्या छायाचित्रात फांद्या कापल्यासारख्या दिसतात, त्या कोणी कापल्या, एवढाच प्रश्न सभ्य भाषेत विचारला होता. त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. छायाचित्रकार किती वर्षे या क्षेत्रात आहेत, त्यांनी किती पहाटे थंडीत काढल्या, हे मात्र अनेकांनी सांगितले आणि सायंकाळपर्यंत त्या बाईंना गटातून काढून टाकण्यात आले. चूक एका माणसाची होती. त्या चुकीचा बचाव करायला सारे धावले, कारण टीका आपल्या माणसावर झाली म्हणजे ती छंदावरच झाली असे त्यांनी धरले. रविवारच्या गर्दीला शिस्त शिकवायला निघालेल्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे होते.

मुंबईच्या पक्षिनिरीक्षणाची परंपरा अशी नाही. सालिम अली शाळकरी वयात एक अनोळखी, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेव्हा संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या मुलाला पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, पण संस्थेचा पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि वाचायला पुस्तकेही दिली. इंग्रजी अमदानीत एका इंग्रज सचिवाने एका भारतीय पोराला दिलेला तो वेळ होता. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांविषयीचे आपले ज्ञान आदिवासींकडून आणि रानात वावरणाऱ्या माणसांकडून मिळवले आणि तसे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आपल्याकडे मात्र दिवा, ऐरोली, करावे येथील कोळी आणि आगरी बांधवांना कोणी पक्षिनिरीक्षक म्हणत नाही. भरती कोणत्या तिथीला किती चढेल, चिखलाचा पट्टा पाण्याखाली गेला की थवे कोणत्या पाणथळीकडे सरकतील, हे ते वेळापत्रक न पाहता सांगतात. ऐरोलीहून पर्यटकांची होडी हाकणारा नाखवा जे दाखवतो त्यावरच पुढे अनेकांची छायाचित्रे गाजतात. छायाचित्राखाली नाव फक्त लेन्सवाल्याचे असते.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता, तर मी आपल्या स्तंभातली जागा मागितली नसती. ठाणे खाडीचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. परंतु भरतीच्या वेळी रोहित जिथे विसावतात, त्या नेरुळच्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचे पाणी येणे अडले, तळ सुकू लागला आणि रोहित मृतावस्थेत आढळू लागले, तेव्हा ते रोज पाहणारे आणि त्याबद्दल तक्रारी करणारे लोक बहुतांशी काठाने फिरायला जाणारे रहिवासी होते. त्यांच्यापैकी कित्येकांना चोचीच्या रंगाचा फरक तेव्हाही सांगता आला नसता. पाणी कुठून येत होते आणि आता येत नाही, हे त्यांना कळत होते, आणि मोबाइलवर काढलेली त्यांची छायाचित्रेच तक्रारींना जोडली गेली. शिफारशीचा नियम तेव्हा असता, तर ही माणसे काठावर नसती.

गर्दीचा उपाय म्हणून मला दोन-तीन साध्या गोष्टी सुचतात. पक्ष्यांपासून किती अंतर राखावे आणि ड्रोन का उडवू नये, हे सांगणारे फलक महापालिकेने मराठीत लावावेत. भरतीच्या वेळा त्यांवर लिहिल्या तर लोक उगाच दिवसभर थांबणार नाहीत. पक्षिनिरीक्षकांच्या गटांनी साद वाजवण्याविषयी आणि घरट्यांविषयी आपले नियम जाहीर करावेत व ते ज्येष्ठ सदस्यांनाही लावावेत. रविवारी भरतीच्या तासाभरात दोन अनुभवी मंडळींनी एखादी दुर्बीण तिपाईवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला पाहू द्यावे. रोहितांचा मुक्काम मेअखेरपर्यंत, कधी जूनपर्यंतही असतो, त्यामुळे याच हंगामात हे करून पाहता येईल. मूळ पत्रलेखकांनी पुढाकार घेतल्यास तिपाई उचलायला मी येईन. शिफारशीच्या परवान्याचा प्रस्ताव मात्र कोणी महापालिकेकडे नेलाच, तर त्यासोबत एका रहिवाशाचा हा आक्षेपही नोंदलेला असावा, म्हणून हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई