येळ्ळूरच्या परड्यातून आई-बाबांना पत्र

येळ्ळूर,
दि. १२ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की परडे वाळून गेले असेल, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीची वाट न पाहता पुण्याहून निघतो. त्या बोलण्याने माझी झोप उडाली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला अजून महिनाही झालेला नाही आणि वाफ्यांच्या वरंब्यांवरून चालण्याजोगा तो पाय अद्याप झालेला नाही. परडे तर वाळलेले नाहीच. उलट रोज इतके देते आहे की काढता काढता माझीच दमछाक होते. शाळेची सुट्टी संपेपर्यंत मी मुलांसह येथेच आहे, म्हणून फोनवर सांगायचे राहून गेलेले सविस्तर लिहीत आहे.

शिवरात्रीच्या सुमारास तुम्ही टोकलेली भेंडी आता कमरेएवढी झाली आहे. सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली, ती कबूल करते. सासरच्या एका लग्नासाठी मी चार दिवस निपाणीला गेले आणि परत येऊन पाहते तो भेंड्या वीतभर लांब, विळीवर धरल्या की करकर वाजणाऱ्या, आणि वेलीवरच्या काकड्या पोटाला पिवळ्या पडलेल्या. त्याहून वाईट म्हणजे झाडांवर नवी फुले दिसेनात, कारण फळात बी धरू लागले की झाडाचा सारा जोर तिकडेच जातो. मी मन घट्ट करून सगळी जून फळे उतरवली. त्यानंतर आठवड्याभरात फुले पुन्हा लागली. तेव्हापासून एक दिवसाआड, सकाळी सहाच्या सुमारास, ऊन चढायच्या आत बुट्टी आणि कात्री घेऊन आम्ही परड्यात उतरतो. भेंडीची लव हाताला खाजते, त्यामुळे धाकटी तुमचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येते. तो तिच्या घोट्यापर्यंत पोहोचतो.

दोडक्यावर फळमाशी आहे. कोवळ्या दोडक्याच्या सालीवर बारीक टोचा दिसतो, त्यातून डिंकासारखा थेंब बाहेर येतो, आणि दोन-चार दिवसांत फळ तेथे वाकडे होऊन आत अळ्या पडतात. अशी फळे मी शेणखताच्या खड्ड्यात न टाकता कोपऱ्यात खोल पुरते, म्हणजे अळ्यांच्या पुन्हा माश्या होऊन वर येणार नाहीत. मांडवाला कामगंध सापळाही, म्हणजे वासाने नर माश्यांना ओढून अडकवणारा डबा, टांगला आहे. औषध फवारलेले नाही, कारण मुले काकडी वेलीवरूनच तोडून खातात.

गेल्या मंगळवारी राजहंसगडाच्या बाजूने आभाळ भरून आले आणि तासभर वळीव कोसळला. कोरड्या मातीला एकदम पाणी मिळाल्यामुळे पिकत आलेले टोमॅटो रात्रीतून तडकले. सकाळी मोजले तर चार किलोंच्या वर भरले. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले आहे: ढग दिसू लागले की ज्या टोमॅटोवर पहिली तांबूस छटा आली असेल ते उतरवून घेते आणि माजघरात पिंजरावर, म्हणजे वाळल्या पेंढ्यावर, पसरते, तेथे ते चार-पाच दिवसांत उत्तम पिकतात. फ्रीजमध्ये ठेवत नाही. तेथे त्यांची चव मरते.

आई, आता स्वयंपाकाविषयी. या घरात तुझ्याशिवाय चूल पेटवण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि तुझ्या डब्यांना हात लावताना अजून संकोच वाटतो. पण काय करायचे याचा विचार मला करावा लागत नाही, कारण सकाळी बुट्टीत जे येते तेच दुपारी ताटात असते. तडकलेल्या टोमॅटोचे सार केले: उकडून साले काढली, ओले खोबरे, जिरे आणि एक हिरवी मिरची वाटून लावली, गुळाचा खडा घातला आणि वरून तुपात जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिली. दोडक्याला मूगडाळ, गवारीला शेंगदाण्याचे कूट, भेंडीला फक्त लसूण आणि चिमूटभर हळद, सोबत भाकरी आणि कैरीचा तक्कू. दोडक्याच्या शिरा मी टाकत नाही. त्या थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतून तीळ, सुके खोबरे आणि मिरचीसह पाट्यावर ओबडधोबड वाटते. तुझ्या चटणीत आणखी काहीतरी असते, जे मला सापडलेले नाही; ते मला पुढच्या फोनवर सांग.

तू शिकवलेली एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही. दुधी चिरण्याआधी त्याचा कच्चा काप जिभेवर ठेवून पाहते. उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की एखादा दुधी कडू निघतो, तो कडूपणा शिजवूनही जात नाही, आणि असा दुधी खाल्ल्यास जोराच्या उलट्या होऊन माणूस दवाखान्यात पोहोचतो. गेल्या आठवड्यात तसा एक निघाला. थोरल्याने विचारले, "एवढा मोठा दुधी वाया घालवायचा?" मी त्याच्या जिभेला कण लावून दाखवला. पुन्हा त्याने विचारले नाही.

जाड मिरच्या फार आल्या, तेव्हा शेजारच्या अक्कांना हाक मारली. आपण जिला सांडगी मिरची म्हणतो तिला त्या कन्नडमध्ये बाळक म्हणतात. मिरचीला उभी चीर देऊन त्यांनी धने, जिरे, मेथी, हिंग आणि मीठ यांची भरड भरली आणि मी त्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर मांडल्या. संध्याकाळी वळवाच्या भीतीने आम्ही दोघी त्या गोळा करतो आणि सकाळी पुन्हा पसरतो. पूर्ण वाळल्या की एक डबा दादाकडे पाठवीन. बाबांना दहीभाताबरोबर तळून दे, फक्त मीठ जपून.

उरलेली भाजी गल्लीत वाटते. कोणी पैसे देऊ केले तर घेत नाही, कारण तुम्ही कधी घेतले नाहीत. महिनाअखेरीस माझी शाळा सुरू होईल, तोवर काकडी आणि भेंडीचा बहर ओसरलेला असेल. पाऊस सुरू होईपर्यंत पाणी घालायचे अक्कांनी कबूल केले आहे. तेव्हा बाबा, कृपा करून डॉक्टर सांगतील तोपर्यंत दादाकडेच राहा.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. विहिरीकडच्या मांडवावर ज्या दुधीच्या देठाला तुम्ही लाल दोरा बांधून गेला आहात, तो मी बियाण्यासाठी राखला आहे. त्याची साल टणक झाली आहे, पण हलवला तर आत बी अजून खुळखुळत नाही. जूनचा पाऊस लागण्यापूर्वी देठासकट उतरवून चुलीवरच्या आढ्याला टांगू, की वेलीवरच राहू देऊ, ते कळवा.

आपली लेक