पंप देण्याआधी विहीर मोजा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरच्या गावात आपण शब्द दिला होता, की पिण्याच्या विहिरीलगत नवा सौर पंप बसवण्याआधी तिथला उपसा मोजला जाईल. पंप बसले. मोजायला कोणी फिरकले नाही. या वैशाखात वाडीची विहीर मचूळ झाली. डाळ शिजता शिजत नाही, सुपारीच्या पानांच्या कडा करपल्या आहेत आणि बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर उभ्या आहेत. असे का झाले, ते आम्हाला ठाऊक आहे. आता ते आपल्यालाही ठाऊक असले पाहिजे.

पुळणीलगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडे पाणी असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडे पाणीच असते. वरचे पाणी उपशाने उतरले की खालचे खारे पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकू पाहते. पंप बंद केल्यावर विहीर दोन दिवसांत भरते, पण आत शिरलेला खार जायला पुढचा पाऊस लागतो, कधी दोन-तीन पावसाळे लागतात.

हिशेब साधा आहे. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला 7,000 लिटर पाणी. मे महिन्यात दीड मीटर पाणी उरले, तर ते साडेदहा हजार लिटर. 10 मीटर उचलीवर 3 एचपीचा पंप तासाला 20,000 लिटरच्या वर पाणी फेकतो. म्हणजे अर्ध्या तासात विहीर तळाला. रहाटाच्या काळी बैल दमायचा, तेवढ्यात झरे विहीर भरून काढायचे. सौर पंप दमत नाही आणि उन्हाचे बिलही येत नाही.

गरज तरी किती? एकरभर नारळाची 70 झाडे, ठिबकने झाडाला दिवसाला 40 लिटर धरले तर 2,800 लिटर. दहा मिनिटांचे काम. तरीही आपली सौर कृषी पंप योजना अडीच एकरांपर्यंत 3 एचपीच देते, कारण ती मोठ्या शिवारांच्या देशावर बसून आखली गेली. इथे हवा 1 एचपीचा पंप, 5,000 लिटरची टाकी आणि ठिबक. पॅनल मोठेच द्यायचे असेल तर सोबत युनिव्हर्सल कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज पंपाखेरीज इतर यंत्रांनाही देणारे उपकरण, द्या. उरलेल्या उन्हावर पिठाची गिरणी चालेल, काजूचा ड्रायर चालेल. आज ती वीज पाणी उपसण्याखेरीज कशालाच वापरता येत नाही, म्हणून पाणीच उपसले जाते.

महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. मंत्रिमहोदय, आमच्या विहिरी 8 मीटरच्या आहेत! ही मनाई खोली बघते. आमचे पाणी बिघडते ते उपशाने आणि समुद्राच्या जवळिकीने.

चाचणीला एक दिवस पुरतो. ती वैशाखातच घ्यावी, श्रावणात प्रत्येक विहीर पास होते. सकाळी पंप बंद ठेवून टेपने पाण्याची पातळी घ्या. तासभर उपसा, पुन्हा पातळी घ्या. मग पंप थांबवून पाणी किती तासांत पूर्ववत येते ते लिहा. 24 तासांत आले नाही, तर तेवढा उपसा त्या विहिरीला पेलत नाही. उपशाच्या सुरुवातीला आणि शेवटी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा. लिटरला 500 मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा, दुसरे पाणीच नसेल तर 2,000 पर्यंत सवलत. पण खरे बघायचे ते दोन आकड्यांतले अंतर. तासाभरात आकडा चढला, तर खार जवळ आलाय. या कामाला हवी एक टेप, एक घड्याळ आणि खिशात मावणारा मीटर.

हे होत नाही, कारण ऊर्जावाले बसवलेले पंप मोजतात, कृषीवाले लावलेली कलमे मोजतात, पाणीपुरवठावाले जोडलेले नळ मोजतात. जल जीवन मिशनचे माणशी रोज 55 लिटरचे वचन ज्या विहिरीवर उभे आहे, तिचा हिशेब कोणाच्याच दप्तरात नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसातले जांभ्यात मुरलेले पाणी माघापर्यंत व्हाळातून (ओढ्यातून) वाहून जाते. ते अडवणाऱ्या वनराई बंधाऱ्याचा, म्हणजे भरलेल्या पिशव्यांच्या तात्पुरत्या बांधाचा, आदेश मार्गशीर्षात येतो, तेव्हा व्हाळाची धार बारीक झालेली असते. बंधारा दिवाळीच्या आत हवा, कातळावर टेकलेला, पिशव्यांत वाळू नव्हे तर चिकट माती भरलेला. वाळूतून पाणी झिरपून जाते. आणि तिकडे कोयना धरणाचे 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरते, बहुतांश समुद्राला मिळते. त्याच नदीकाठच्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. वीज मुंबईला पोचते, पाणी दाभोळच्या खाडीला, आणि कोकणच्या वाट्याला रिकामा हंडा. किती वर्षे हे सोसायचे?

आमची मागणी अशी : किनाऱ्यापासून आणि खाडीपासून 500 मीटरच्या आत चाचणीच्या नोंदीशिवाय एकही नवा पंप मंजूर करू नका. बसलेल्या पंपांना पाण्याचा मीटर लावा आणि नोंदवही ग्रामपंचायतीत उघडी ठेवा. आमच्या पिण्याच्या विहिरीजवळचे पंप पाऊस पडेपर्यंत बंद ठेवून त्या बागायतदारांना तोवर ठिबक आणि टाकी द्या. त्यांचीही सुपारी मरतेच आहे.

आपले,
किनाऱ्यावरचे बागायतदार आणि ग्रामस्थ