जनुक-संपादित भाताच्या चाचण्या शिरोळच्या क्षारपड जमिनीत घ्याव्यात

महोदय,

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जनुक-संपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा मे २०२५ मध्ये झाली, तेव्हापासून त्यांच्याविषयी उलटसुलट मते वाचायला मिळत आहेत. ती वाचताना कोल्हापूर जिल्ह्यातील एक शेतकरी म्हणून मला वारंवार जाणवते ते असे, की हे वाण चांगले की वाईट यावर दिल्ली-हैदराबादेत वाद झडत असले तरी, ज्यांनी ते पेरायचे त्यांच्या मातीत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते पिकवून दाखवा, अशी मागणी फारशी होताना दिसत नाही. ती करण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

या दोहोंपैकी ‘पुसा डीएसटी राइस १’ या वाणाचा आपल्याशी थेट संबंध येतो. शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेकाठची काळीभोर जमीन उपशाचे पाणी वर्षानुवर्षे बेसुमार दिल्याने आणि निचऱ्याची सोय नसल्याने मोठ्या प्रमाणावर क्षारपड झाली आहे. अशा रानात उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरा थर फुटतो आणि चालताना तो पायाखाली कुरकुरतो. उसाची लागण केली तर निम्मे डोळे उगवत नाहीत, जे उगवतात त्यांच्या पानांची टोके करपत जातात आणि अखेर मालक नाद सोडतो, तेव्हा तिथे लव्हाळा आणि वेडी बाभूळ माजते. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढण्याचे जे काम तालुक्यात सहकाराच्या माध्यमातून उभे राहिले, ते खरोखर मोलाचे आहे; परंतु त्याचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही आणि खालच्या अंगाचा शेजारी पाणी ओढ्यापर्यंत नेऊ द्यायला तयार नसेल तर कामच अडते. अशा जमिनीत तग धरणारे भाताचे वाण खरोखरच हाती आले, तर पड पडलेल्या रानातून निदान घरापुरते धान्य तरी निघेल.

हे वाण नेमके कसे तयार झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. ‘एमटीयू १०१०’ हे मूळचे आंध्रातील वाण. क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्याची जी क्षमता रोपात असते, तिला आवर घालणारे डीएसटी नावाचे एक जनुक भातात असते, ते क्रिस्पर-कॅस ९ या तंत्राने निकामी करण्यात आले. विषाणूंपासून बचाव करण्यासाठी जिवाणू वापरतात त्या यंत्रणेतून हे तंत्र निघाले असून त्याबद्दल एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएची साखळी ठरलेल्या जागी कात्रीने कापावी तशी कापली जाते आणि पेशी ती सांधताना तिथे बदल घडतो. दुसऱ्या जीवाचे जनुक अंतिम वाणात राहत नाही, याच आधारावर केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा पिकांना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील काही कलमांतून सूट दिली. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचे जनुक घातलेले असते. तेव्हा दोन्ही गोष्टींना ‘जीएम’ (जनुकीय बदल केलेले) म्हणून एकाच दावणीला बांधणे मला योग्य वाटत नाही. मात्र सूट मिळाली म्हणून तपासणीची गरज संपली, असे म्हणणेही मला मान्य नाही.

बीटी कापसाचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे कोणीही नाकारू नये. पण बियाणे संकरित असल्याने ते दरवर्षी विकत घेणे भाग पडले, अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेने साध्या कापसाच्या बिगर-बीटी आश्रय ओळी लावण्याचा नियम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला आणि गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, परंतु कीटकनाशकांपासून सुटका होईल या आश्वासनाचे पंधरा वर्षांत काय झाले, हे त्यातून सर्वांना दिसले. माझ्या मते यात दोष जनुकापेक्षा अधिक होता तो ते ज्या पद्धतीने विकले आणि वापरले गेले त्या पद्धतीचा.

भाताचे नवे वाण सरळ वाण असल्याने त्याचे बी घरचे घरी राखता येते, ही मोठी जमेची बाजू आहे. तरीही मूळ क्रिस्पर तंत्राची महत्त्वाची पेटंटे परदेशी संस्था व कंपन्यांकडे आहेत, तेव्हा उद्या बियाण्याच्या पिशवीवर कोणाचा हक्क राहणार, हे सरकारने आजच लेखी स्पष्ट करावे. कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी टीएनपीबी या छोट्या प्रथिनावर आधारलेले जनुक-संपादनाचे पर्यायी तंत्र विकसित केले आहे, त्याचे महत्त्व मला या दृष्टीने फार मोठे वाटते.

संशोधन कोणाच्या हाती आहे याने किती फरक पडतो, हे वैद्यकशास्त्रात अधिक ठळकपणे दिसते. १९८२ पासून जनुकीय तंत्राने, जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन आज आपल्या गावोगावच्या मधुमेहींच्या फ्रीजमध्ये असते आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. सिकलसेल या, आदिवासी भागांत अधिक आढळणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारावरील क्रिस्पर उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशी काढून, त्यांच्यात बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडतात. पण अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील आदिवासी कुटुंबाला या आकड्याचा काय उपयोग? याउलट आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेली, रक्ताच्या काही कर्करोगांवरील ‘नेक्सकार १९’ ही उपचारपद्धती अमेरिकेतील तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात उपलब्ध झाली. तीही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच आहे, तरी सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या संस्था काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेट या दुर्मीळ प्राण्याच्या १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्माला आला आणि आटत चाललेल्या वंशात हरवलेली जनुकीय विविधता परत आणण्याची वाट खुली झाली. जिथे मोजकेच प्राणी उरले आहेत तिथे हे करावेच. पण ओडिशातील सिमलीपालमध्ये काळसर पट्ट्यांचे वाघ वाढण्याचे कारण बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी शोधले, तेव्हा ते एका जनुकातील बदलात आणि त्याहून अधिक, इतर वाघांपासून तुटलेल्या त्या जंगलाच्या एकाकीपणात सापडले. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोबातून वाघीण आणून सोडावी लागली. राधानगरीच्या गव्यांना आणि चांदोलीच्या वाघांना प्रयोगशाळेपेक्षा आधी हवा आहे तो तिलारीपर्यंतचा सलग जंगलपट्टा, आणि त्या पट्ट्यात खाणींना परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय कोणतीही जनुकीय कात्री आपल्या वतीने घेणार नाही.

पुन्हा भाताकडे येतो. या वाणांच्या चाचण्यांतील आकडेवारीवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आणि परिषदेने ते फेटाळले. कोणाचे खरे, हे आमच्यासारख्यांनी कसे ठरवायचे? शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. तेव्हा महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शिरोळ तालुक्यात, वेगवेगळ्या प्रमाणात क्षार असलेल्या तीन-चार शेतकऱ्यांच्या रानांत किमान तीन खरीप हंगाम चाचणी घ्यावी. नव्या वाणाशेजारी मूळ ‘एमटीयू १०१०’ असावे आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने कोणतेही जनुक-संपादन न करता काढलेले ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे वाणही असावे, म्हणजे नव्याचा फायदा नेमका किती, हे कळेल. माती परीक्षणाचा अहवाल, खतपाण्याची नोंद आणि मळणीनंतरचे वजन त्याच बांधावर फलकावर मराठीत लावावे. कापणीच्या दिवशी पाठिंबा देणाऱ्यांना आणि विरोध करणाऱ्यांनाही बोलवावे. पीक फसले तर तेही त्याच फलकावर लिहावे आणि चाचणीसाठी जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद पेरणीपूर्वीच करावी. येत्या खरिपाआधी जिल्हा कृषी अधीक्षक आणि विद्यापीठ यांनी याबाबतची भूमिका जाहीर करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक, कोल्हापूर