टाकीवरचं नाव नंतर वाच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मोटरसायकल घ्यायचं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. किती वर्षं पुढे ढकलत होतास! पण थोडी काळजीही वाटली. पत्रात कंपन्यांची नावं पानभर आहेत, मित्रांच्या दोन तटांची भांडणंही आहेत, पण त्यातल्या एकाही गाडीवर बसल्यावर तुला कसं वाटलं याची एक ओळ नाही. एक तट म्हणतो अमेरिकन हार्लेच घे, दुसरा म्हणतो जपानी सोडून काही घेऊ नकोस. गाडी मात्र तुला चालवायची आहे.

ब्रँडवरच्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही. ते खरं असतं आणि कामालाही येतं. रस्त्याकडेला गाडी बंद पडली की तोच लोगो टाकीवर असलेला अनोळखी माणूस थांबतो, हत्यारं काढतो, हात काळे करतो. जुन्या मॉडेलला दुसऱ्या कुठल्या मॉडेलची केबल बसते हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही, या वेड्या लोकांना तोंडपाठ असतं. हार्ले-डेव्हिडसन तर अशा प्रेमावर तगून राहिली. १९८१ मध्ये तिच्याच अधिकाऱ्यांनी ती एएमएफ या तेव्हाच्या मालक कंपनीकडून विकत घेतली, तेव्हा कंपनीची अवस्था बिकट होती. १९८३ मध्ये त्यांनी मालकांचा संघ काढला, हार्ले ओनर्स ग्रुप. गाडी विकून मोकळं न होता गाडीवाल्यांना एकत्र आणायचं, हे त्यांना नेमकं उमगलं.

पण नाव तेच राहतं आणि मागची माणसं, कारखाने, यंत्रं बदलत जातात, हे तुझे मित्र विसरतात. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीचंच बघ. इंग्लंडमधल्या मेरिडनचा जुना कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. जॉन ब्लूर या उद्योजकाने नाव विकत घेतलं आणि इंग्लंडमध्येच हिंकलीला नव्या कारखान्यात नव्या इंजिनांच्या गाड्या काढल्या. आजच्या ट्रायम्फवर जीव टाकणारा माणूस मेरिडनच्या गाडीचा वारस म्हणून मिरवतो, त्याचं मला कौतुकच आहे, पण दोन्हींची घराणी वेगळी. इटालियन डुकाटी २०१२ पासून आउडी या जर्मन मोटार कंपनीच्या मालकीची आहे. बीएमडब्ल्यूची जी ३१० टीव्हीएसच्या कारखान्यात तयार होत आली, ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या बजाजकडे तयार होतात. शिवाय ब्रेक ब्रेम्बोचे, एबीएस बॉशचं, सस्पेन्शन शोवाचं, असं एकमेकांच्या वैरी समजल्या जाणाऱ्या गाड्यांवरही सर्रास दिसतं. यात वाईट काहीच नाही. फक्त ‘आमच्या कंपनीसारखं कुणी बनवत नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला, की कोणता भाग कुणी बनवलाय ते विचार.

तू लिहिलंयस की व्ही-ट्विनचा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाचा, आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. मला यावर जरा सविस्तर लिहू दे, कारण तुझा सगळा ओढा इथूनच सुरू झालाय. हार्लेच्या पारंपरिक इंजिनात दोन सिलिंडरमध्ये ४५ अंशांचा कोन असतो आणि पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. त्यामुळे सिलिंडरमधले इंधनाचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. क्रँक एकदा ३१५ अंश फिरल्यावर, मग ४०५ अंश फिरल्यावर. ती लंगडी, अडखळती लय तिथून येते. हार्लेने १९९४ मध्ये हा आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला होता, २००० मध्ये तो मागे घेतला. डुकाटीच्या ९० अंशांच्या इंजिनात हीच अंतरं २७० आणि ४५० होतात. आणि गंमत पुढे आहे: पॅरलल ट्विनचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाचा, क्रँक २७० अंशांचा केला, म्हणजे त्याच्या दोन पिनांत तेवढं अंतर ठेवलं, की अगदी हीच लय मिळते. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये ते केलं. आज यामाहाचीच एमटी-०७, होंडाची आफ्रिका ट्विन, रॉयल एनफिल्डच्या ६५०, ट्रायम्फची बोनव्हिल, सगळ्यांत तो क्रँक आहे. म्हणजे तुझं मन जडलंय ते त्या लयीवर, आणि ती चार-पाच कंपन्यांकडे मिळते.

आता शोरूममध्ये गेलास की स्टँडवरच्या गाडीवर नुसता बसून फोटो काढून परत येऊ नकोस. गाडी उभी कर, तिचं सगळं वजन पायांवर घे. सीटची उंची कागदावर कमी असली तरी सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टाच टेकत नाही. इंजिन बंद ठेवून, हलक्या चढावर बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकल. रोज पार्किंगमधून काढताना तुला हेच करायचंय. हँडल टोकापर्यंत वळव. बाहेरचा हात ताणून खांदा ओढला जातो का ते बघ. वजन विचारताना पेट्रोल-ऑइल धरून विचार, काही कंपन्या कोरडं वजन छापतात.

टेस्ट राइड जमेल तितकी लांब माग. तू रोज ज्या वेगाने जाणार त्याच वेगाने थोडा वेळ जा. बोटांना मुंग्या येतात का? आरशातली मागची गाडी थरथरते का? मग मुद्दाम गर्दीत शिर. मोठ्या व्ही-ट्विनमध्ये मागच्या सिलिंडरला वारा कमी लागतो आणि तो मांडीजवळच असतो. सिग्नलला उभं राहिल्यावर ती धग कळते. क्लच दाबून दाबून मनगट दुखलं तर गाडी कितीही देखणी असू दे, महिन्याभरात तू ती कमी बाहेर काढायला लागशील.

सर्व्हिस सेंटर किती लांब, पार्ट किती दिवसांत येतो, हे तिथे सर्व्हिसला गाडी घेऊन आलेल्यांनाच विचार. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

माझं मत म्हणशील तर सांगतो. तुझं बहुतेक चालवणं गर्दीतलं, सुट्टीला मागे वहिनी आणि सामान. तू मधल्या वजनाची, २७० अंशांच्या क्रँकची पॅरलल ट्विन घे, आणि अशा दोन-तीनांतली ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ, ती. निष्ठेचं म्हणशील तर माझ्या गाडीवर माझा जीव जडला तो तिची चेन साफ करता करता, न बघता न्यूट्रल सापडायला लागल्यावर. घेताना मला तिच्या कंपनीबद्दल काहीच वाटत नव्हतं. तुझंही तसंच होईल असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना मागे बसवूनही एक फेरी मार. मागची सीट आणि फूटरेस्ट त्यांनाच ठरवू दे. टेस्ट राइड झाली की लगेच लिही, आणि टाचा टेकल्या की नाही ते आधी.

तुझा,
अविनाश