तुतारीचं आरएसी तिकीट आणि माझी कंबर

प्रिय बाबू,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये लटकलेलो होतो म्हणून नीट बोललो नाही, राग मानू नकोस. "जत्रेक येतलंस मां रे?" एवढंच ऐकू आलं आणि मी हो म्हणून टाकलं. आता रात्री जेवणं उरकल्यावर निवांत लिहितोय, कारण हो म्हणालो खरा पण अजून आतून काही ठरत नाहीये.

तारीख जाहीर झाली त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या सिंधुदुर्गवाल्यांचे फोन एकदम वाजायला लागले. आंगणेवाडीची जत्रा काय तिथीवर नसते, देवीचा कौल मिळेल तेव्हाच ठरणार, त्यामुळे गणपतीसारखं आधीपासून कॅलेंडर बघून बसता येत नाही. त्यात पूर्वी 120 दिवस आधी बुकिंग उघडायचं, ते 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आणलं. मी सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसलो होतो, ओटीपी येईपर्यंत दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात कोकणकन्या एक्स्प्रेस वेटिंगला. मग तुतारी एक्स्प्रेस बघितली, स्लीपर, आरएसी 31. दाबून टाकलं. आज बघितलं तर 19 झालंय.

आता आरएसी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, बसायला जागा पक्की, झोपायचं मात्र देवाच्या भरवशावर. साईड लोअरचे दोन भाग करून एकेका भागावर एकेक माणूस. कन्फर्म झालं नाही तर रात्रभर अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि माझी कंबर दिवाळीपासून बोंबलतेय. एमआरआयमध्ये एल फोर एल फाईव्ह म्हणून काहीतरी आलंय. डॉक्टर म्हणाले जास्त वेळ बसू नका. ऑफिसात आठ तास बसतो त्याचं काय, तर म्हणे मधेमधे उठा.

सुमन म्हणते वंदे भारतने जा, पहाटे सीएसएमटीवरून सुटते, दुपारी जेवायला तिकडे. बरोबर आहे तिचं, पण डोंबिवलीहून साडेपाचच्या आत सीएसएमटी म्हणजे रात्रीची झोप तशीही गेलीच, आणि वर एक दिवसाची रजा. रात्रीच्या गाडीचं हेच तर आहे ना, ऑफिस करून निघायचं, झोपेत कोकण गाठायचं, रजा वाचते. झोप लागली तर.

दुसरा पर्याय बसचा. स्लीपर बस, एसी, दाराशी सोडते. मी गेल्या मे महिन्यात गेलो होतो तसा, कुठल्या कंपनीची ते जाऊ दे. सीझन बघून भाडं दुप्पट, त्याचंही काही नाही. पण तो हायवे! 2011 पासून काम चाललंय आणि आपल्या पोरांची लग्नं होतील तरी चालेल. वरच्या बर्थवर पडलो होतो, प्रत्येक डायव्हर्जनला अंग हातभर वर आणि मग खाली, आणि लघवीला थांबवा म्हणून ड्रायव्हरला विनवण्या. माणगावला चहा प्यायलो तेव्हाच ठरवलं की परत बस नाही. कंबरेला तेव्हापासूनच सुरुवात झाली असं माझं मत आहे, डॉक्टरला पटत नाही.

गाडीची भीती मला तशी नाहीये बाबू, खरं सांगायचं तर मागच्या वेळची लाज आहे. तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती मी, "गाडी चुकली" म्हणून. चुकली नव्हती रे. तुतारी दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. मला शनिवारी रात्री निघायचं होतं म्हणून मी शनिवारचं तिकीट काढलं. बॅगा, नारळाच्या वड्यांचा डबा, सगळं घेऊन शनिवारी रात्री ठाण्याला उभा. गाडी आली, माझ्या बर्थवर एक बाई आधीच चादर घालून झोपलेल्या. मी आवाज चढवला. टीसीने तिकीट बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काका, तुमची गाडी काल गेली." अख्खा डबा जागा झाला होता तोपर्यंत. मी तसाच उतरलो, पहिल्या लोकलपर्यंत बाकड्यावर बसून एकट्याने निम्म्या वड्या खाल्ल्या.

आणि आरएसीचा एक अनुभव गाठीशी आहे. चारेक वर्षांपूर्वी, समोर वेंगुर्ल्याचे एक आजोबा, सत्तरीचे असतील, मांडीवर सुनेसाठी घेतलेल्या मिक्सरचा खोका. खोका सीटखाली ठेवा म्हटलं तर ऐकेनात, चोरी होईल म्हणे. पनवेल सुटल्यावर त्यांनीच तोडगा काढला, "चिपळूणपर्यंत तुम्ही झोपा, फुडे मी." मी पाठ टेकली, ते खोका घेऊन पायाशी बसले. जाग आली तेव्हा बाहेर उजाडलं होतं आणि आजोबा तसेच बसलेले, रत्नागिरी केव्हाच गेलेली. उठवलं का नाही विचारलं तर म्हणाले, "घोरत होतास, म्हटलं ऱ्हवांदे." मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. यावेळी समोर कोण असेल आणि तो मला झोपू देईल का, की आता माझीच पायाशी बसायची पाळी, काय माहीत.

तुला आठवतं, आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला? बाबा नेहमी सांगायचे, फुशारकीने, जणू काय स्वतःच बसवलाय. आपल्या राजापूरचा खासदार ना! आणि गंमत म्हणजे तेव्हा कोकणात रेल्वेच नव्हती. बाबा स्वतः मुंबईहून यायचे ते एसटीने, रात्रभर काशेडी घाटात ओकत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला, तोपर्यंत ते रिटायर होऊन गावी आलेले. त्या फोमवर ते कोकणात जाताना एकदाही झोपले नाहीत.

रात्री क्रॉसिंगला गाडी कुठल्यातरी बारक्या स्टेशनावर थांबते ना, पंखेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटतात आणि बाहेर नुसते रातकिडे, खिडकीतून ओल्या मातीचा वास, ते मला बसमध्ये कधी मिळालं नाही. सुमनला हे सांगितलं तर म्हणाली, "मग झोपायला जाताय की वास घ्यायला?" तिला काय सांगणार.

तर येतो. ठरलं असं समज. कन्फर्म झालं तर उत्तम, नाही झालं तर कंबरपट्टा लावून बसून येईन, पट्टा घेतलाय कालच, साडेसहाशेला. काकींना मात्र कंबरेचं सांगू नकोस, नाहीतर तेल आणि शेक यातच माझे दोन दिवस जातील. दर्शनाच्या रांगेत उभा राहीन, फक्त पहाटे तीनला उठवू नकोस.

जत्रा शनिवारी. तिकिटावर तारीख शुक्रवारची आहे, म्हणजे मी गुरुवारी रात्री जेवून घराबाहेर पडणार, शुक्रवारी सकाळी कणकवलीला. सुमनने तीनदा तपासलंय, तरी तूही एकदा बोटं मोजून बघ. स्कूटर आण, रिक्षावाले जत्रेच्या दिवसात ऐकत नाहीत.

तुझा,
दिगू

ता.क. पत्र पुरं करून परत बघितलं. आरएसी 17.